शब्दओळख : ऑब्ट्रूड

या महिन्यासाठी आम्ही निवडलेला इंग्रजी शब्द रोजच्या बोलण्यात क्वचितच कानावर पडतो. पण तो ज्या वागण्याचे नाव आहे, ते वागणे मात्र आपल्या घरोघरी ओळखीचे आहे. शब्द आहे 'ऑब्ट्रूड'. स्पेलिंग ओ, बी, टी, आर, यू, डी, ई. उच्चार 'अब्ट्रूड'च्या जवळ जातो आणि जोर 'ट्रूड'वर येतो. हे क्रियापद आहे. अर्थ असा : समोरच्याची इच्छा नसताना स्वतःला, आपले मत किंवा आपली गोष्ट त्याच्यापुढे रेटणे.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'ऑब' म्हणजे समोर, अंगावर. 'ट्रुडेरे' म्हणजे ढकलणे. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला. याच 'ट्रुडेरे'ची इतर लेकरे विद्यार्थ्यांनी एकत्र लक्षात ठेवावीत. आत ढकलणे ते 'इंट्रूड'. बाहेर डोकावणे ते 'प्रोट्रूड', जसा फळीतून वर आलेला खिळा. साच्यातून दाबून बाहेर काढणे ते 'एक्स्ट्रूड'. ईदच्या आधी यंत्रातून शेवया पडतात, ती हीच क्रिया. आणि जे दूर ढकलून लपवल्यासारखे, म्हणून समजायला अवघड, ते 'ॲब्स्ट्रूस'. एक मूळ कळले की पाच शब्द हाती लागतात.

वापर कसा करायचा? या क्रियापदापुढे बहुधा 'ऑन' किंवा 'अपॉन' येते. 'ही ऑब्ट्रूडेड हिमसेल्फ अपॉन देअर कॉन्व्हर्सेशन' म्हणजे त्यांच्या बोलण्यात तो बळेच येऊन बसला. 'आय डोन्ट वॉन्ट टु ऑब्ट्रूड माय ओपिनियन ऑन यू' म्हणजे माझे मत तुमच्यावर लादायची माझी इच्छा नाही. कधी माणसाऐवजी विचारही कर्ता होतो : 'अ सॅड थॉट ऑब्ट्रूडेड अपॉन हिज माइंड', नको असताना एक दुःखद विचार मनात येत राहिला. शब्द पुस्तकी आहे. निबंधात शोभेल, पण कुणाच्या दारात उभे राहून बोलताना 'इंट्रूड' किंवा 'इम्पोज'च बरे.

मग 'इंट्रूड' आणि 'ऑब्ट्रूड' यांत फरक काय? आम्हाला वाटते, हा फरक आपल्या वाचकांना कोशापेक्षा कुरआनातील दोन आयतींमधून अधिक लवकर उमगेल.

सूरह नूरच्या २७व्या आयतीत श्रद्धावंतांना आज्ञा आहे, की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये. पुढच्या आयतीत सांगितले आहे, की परत जा म्हटले तर परत जावे. हदीसमध्ये तीनदा परवानगी मागून उत्तर न आल्यास परतण्याची शिकवण आहे. हा सारा दाराचा शिष्टाचार झाला. तो मोडणे म्हणजे 'इंट्रूड'.

आता सूरह अहजाबची ५३वी आयत पाहा. बुखारीतील हदीसनुसार प्रसंग प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हजरत जैनब (रजि.) यांच्याशी झालेल्या विवाहाच्या वलीम्याचा. लोक जेवले, बहुतेक उठून गेले, काहीजण गप्पा मारत तिथेच बसले. प्रेषित (स.) उठून बाहेर गेले, परत आले, तरी ते बसलेलेच. त्यांना उठा म्हणण्याचा प्रेषितांना (स.) संकोच वाटत होता. त्या वेळी आयत उतरली, की बोलावले तर जा, जेवण झाले की निघा, गप्पांसाठी रेंगाळू नका, याचा प्रेषितांना (स.) त्रास होतो आणि ते भिडेपोटी बोलत नाहीत.

बारकावा लक्षात घ्या. हे पाहुणे आगंतुक नव्हते. त्यांना आमंत्रण होते. त्यांनी 'इंट्रूड' केले नव्हते. दार रीतसर उघडले होते. चूक झाली ती दाराच्या आत. हेच 'ऑब्ट्रूड'. परवानगी येण्याची होती, बसून राहण्याची नव्हती.

आणि म्हणूनच याची जबाबदारी येणाऱ्यावर आहे. घरचा माणूस जितका सभ्य, तितके त्याला 'पुरे' म्हणणे कठीण. आजाऱ्याची विचारपूस करणे सुन्नत आहे. पण त्याला कूस बदलायचीही चोरी व्हावी इतका वेळ बसणे ही विचारपूस नव्हे. लग्नाला चार वर्षे झालेल्या सुनेला प्रत्येक दावतीत "काही खुशखबर?" विचारणे, शिकणाऱ्या मुलीसमोर दर भेटीला स्थळांची यादी काढणे, यातही हेतू वाईट नसतो. आपुलकीच असते. तरी ज्याने विचारले नाही त्याच्या माथी ती मारली की समोरचा हसून मान डोलावतो आणि आतून मिटतो. 'ऑब्ट्रूड' हा शब्द हेतू पाहत नाही. समोरच्याला ते हवे होते का, एवढेच पाहतो. उपकाराचेही तसेच. दान देऊन त्याची आठवण करून देत राहिल्याने ते वाया जाते, हे सूरह बकराच्या २६४व्या आयतीत सांगितले आहे.

याच शब्दाचे विशेषण 'ऑब्ट्रूसिव्ह' म्हणजे खुपणारे, डोळ्यांत भरणारे. त्याच्या उलट 'अनऑब्ट्रूसिव्ह', आणि तो चांगला प्रशंसेचा शब्द आहे. 'द नर्स वॉज हेल्पफुल बट अनऑब्ट्रूसिव्ह' : परिचारिकेची मदत झाली, पण तिचे असणे जाणवलेही नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये असे दान हदीसमध्ये वाखाणले आहे. त्या दानाला इंग्रजीत हेच विशेषण शोभेल.

आपल्याकडे या वागण्यासाठी शब्दांची वाण नाही. मराठीत गळ्यात पडणे, माथी मारणे, लुडबुड करणे. उर्दूत बिनबुलाए मेहमानाला 'तुफैली' म्हणतात. हा शब्द कूफा शहरातील तुफैल नावाच्या माणसावरून आल्याचे सांगतात. तो आमंत्रणाशिवाय लग्नांच्या जेवणावळी गाठत असे. अशा लोकांच्या गोष्टींवर 'तारीख बगदाद'चे कर्ते खतीब बगदादी यांनी अकराव्या शतकात एक अख्खे पुस्तक लिहिले. म्हणजे दुखणे जुनेच आहे.

आता मुलांसाठी सराव. इंट्रूड, ऑब्ट्रूड, इम्पोज आणि फॉइस्ट यांपैकी कुठे काय बसेल?

(१) सरकारने नवा कर बसवला. (२) न विचारता भावाच्या खोलीत शिरलो. (३) किडके आंबे चांगल्यांखाली दडवून गिऱ्हाइकाला दिले. (४) त्याने विषय निवडला होता, तरी काका आपली पसंती पुढे रेटत राहिले.

उत्तरे : (१) इम्पोज, (२) इंट्रूड, (३) फॉइस्ट, कारण त्यात फसवणूक आहे, (४) ऑब्ट्रूड.

चौथ्या वाक्यातील 'काका'च्या जागी घरातले कोणते नाव बसते, हे मुलांना विचारून पाहा. उत्तर आपलेच नाव आले, तर रागवू नका.