बंदुकीच्या तोंडचा लगाम

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या त्रिस्थिती स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस लाभलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हापासून आमच्या विश्रामबागेतील घरोघरच्या मुलांस नेमबाजीचे वेड लागले असल्यास नवल नाही. चित्रांत रायफलीच्या नळीच्या टोकाला काहीतरी जोडलेले दिसते. त्यालाच ‘मझल ब्रेक’ म्हणतात काय, तो काय करतो आणि घरी बसविता येतो काय, असे प्रश्न मुले विचारू लागली आहेत. या महिन्यात त्याच विषयाचा विचार करू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत मझल ब्रेकला नियमानेच बंदी आहे. तेथील रायफलीच्या टोकाला जी लांब नळकांडी दिसते ती बहुधा दृष्टिरेषा लांबविण्यासाठी असते. पुढची माशी डोळ्यापासून जितकी दूर, तितकी नेम धरण्यातील चूक लवकर ध्यानात येते, एवढाच तिचा उपयोग. शिवाय त्या रायफलीची गोळी अवघी अडीच-पावणेतीन ग्रॅमांची. तिचा धक्का तो केवढा!

मझल ब्रेकचे खरे काम मोठ्या रायफलीवर आणि तोफेवर. गोळी पुढे जाते तशी बंदूक मागे येते, हे न्यूटनचे तत्त्व शाळेत शिकलेले सर्वांस ठाऊक असते. परंतु पुढे जाते ती केवळ गोळी नव्हे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सुमारे साडेनऊ ग्रॅमांच्या गोळीमागे जवळजवळ तीन ग्रॅम दारू जळते आणि तिचा वायू गोळीहूनही अधिक वेगाने बाहेर पडतो. ढोबळ हिशेब केला तर खांद्यास बसणाऱ्या एकंदर हिसक्यापैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास या वायूचा असतो. गोळीचा वाटा कमी करता येत नाही; वायूचा मात्र येतो. नळीच्या तोंडाशी बाजूस छिद्रे असलेला एक पोलादी तुकडा आट्यांनी बसविला की वायू आतल्या भिंतींवर आदळून आजूबाजूस फाकतो आणि बंदुकीस उलट पुढे ओढतो. घोड्यास जसा लगाम, तसा हा हिसक्यास लगाम.

आता बसविण्याची गोष्ट. वाचकांस वाटेल, आटे पाडावेत आणि तुकडा पिळून घट्ट करावा, यात अवघड ते काय? अवघड आहे ते असे. ब्रेकमधून गोळी जाण्याचे भोक गोळीहून अर्ध्या मिलिमीटरने मोठे असते. म्हणजे सभोवार पाव मिलिमीटर, तीन-चार केसांच्या जाडीएवढी, मोकळीक राहते. पाच सेंटिमीटर लांबीचा ब्रेक अर्ध्या अंशाने तिरका बसला, तर पुढल्या टोकाशी भोकाचे केंद्र चव्वेचाळीस शतांश मिलिमीटर सरकते. मोकळीक पाव मिलिमीटरची, सरक तिच्या पावणेदोन पट! गोळी काठास घासणार, नेम जाणार, आणि ब्रेकचे तुकडे उडाले तर जवळ उभ्या असलेल्याच्या जिवावर बेतणार.

हे टाळण्यासाठी कसबी कारागीर लेथवर नळी धरताना बाहेरच्या अंगाचा विश्वास धरीत नाही. लांब नळीस आरपार भोक पाडताना ते किंचित एका अंगास ओढले जाते. बाहेरून गोल व सरळ दिसणारी नळी आतून तशीच असेल याचा भरवसा नसतो. म्हणून तो आतल्या पोकळीस घट्ट बसणारा गज घालून, त्यास मापक घड्याळ लावून, पोकळीचाच मध्य लेथच्या मध्याशी जुळवितो आणि मगच आटे पाडतो. ज्या खांद्यावर ब्रेक टेकतो तोही पोकळीशी काटकोनात कापावा लागतो. कारण आटे केवळ धरून ठेवतात, सरळ ठेवतो तो खांदा. पुढे छिद्रे डाव्या-उजव्या बाजूंस सारखी यावीत म्हणून मध्ये पातळ चकत्या घालून ब्रेकचा कोन साधतात. तो चुकला तर वायू एकीकडे अधिक जाऊन नळीचे तोंड दुसरीकडे झुकते. शेवटी रिकाम्या बंदुकीत सरळ पोलादी गज घालून तो भोकाच्या बरोबर मध्यातून निघतो की नाही हे पाहिल्यावाचून एकही गोळी झाडावयाची नसते. शेजारच्या मिरजेत सतारीची जवारी लावणारा कारागीर घोडी कानसताना हीच सूक्ष्म नजर ठेवतो. तेथे चुकल्यास सूर बिघडतो, येथे जीव धोक्यात येतो.

मोठमोठ्या कारखान्यांसही या कसोटीतून जावे लागते. जबलपूरच्या कारखान्यात तयार झालेली 155 मिलिमीटरची ‘धनुष’ तोफ 2017 साली पोखरण येथे चाचणीस नेली असता गोळा तिच्या मझल ब्रेकवर आदळला. चाळीस किलोंहून जड असा तो गोळा! चाचणी थांबली, तपास झाला, पुन्हा कसोट्या लागल्या, आणि 8 एप्रिल 2019 रोजी पहिल्या सहा तोफा सैन्याच्या हवाली करण्यात आल्या. विलंब झाला खरा. पण रणांगणावर कळण्यापेक्षा वाळवंटात कळलेले बरे, हे कोणीही मान्य करील.

एक गोष्ट मात्र जाहिरातींत सांगत नाहीत. खांद्याचा त्रास कमी होतो तो फुकट होत नाही. जो वायू पुढे जावयाचा तो आता बाजूस व मागे येतो आणि त्याच्याबरोबर आवाजही येतो. मोठ्या रायफलीचा बार साधारणतः 160 डेसिबलांच्या घरात असतो. प्रौढ माणसाच्या कानास क्षणिक आवाजाची मर्यादा 140 मानतात. ब्रेक लावल्यावर झाडणाऱ्याच्या व विशेषतः शेजाऱ्याच्या कानांवरील मारा आणखी वाढतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ज्यास सुख मिळते तो एक आणि ज्यास भुर्दंड पडतो तो दुसरा, असा हा व्यवहार आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस तो अधिक विस्ताराने समजावून सांगण्याची गरज नाही.

राहिला घरी बसविण्याचा प्रश्न. त्याचे उत्तर, नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती वा फेरबदल परवानाधारकानेच करावयाचा असतो. मुलांस यंत्राची हौस असेल तर ती जरूर पुरवावी. लेथवर साधी पितळी कांब मध्यात धरावयास शिकवावी. ती बरोबर मध्यावर फिरू लागेपर्यंत लागणारा धीर ज्यास आला, त्यास पुढे कोणतेही कसब अवघड जाणार नाही.