पदवी दिल्लीची, राज्य कुणाचं?

सावंतवाडीकरांची ‘राजेबहादूर’ पदवी दिल्लीच्या बादशहाकडून आली, हे खरं. लगेच आपल्यातला कुणी छाती फुगवतो: म्हणजे इथंही बादशहाचंच राज्य होतं! समोरचा म्हणतो, सगळं थोतांड. दोघेही घाई करतात.

इंग्रजी अमदानीतलं गॅझेटिअर उघडा. तिसऱ्या खेम सावंतांनी १७६३ साली शिंद्यांची लेक केली. त्या सोयरिकीतून ही पदवी मिळाली. कोल्हापूरकरांना ती इतकी खुपली की ते चालून आले. म्हणजे पदवीला वजन होतं. पण बादशहाला? शाह आलम १७५९ साली गादीवर आला, तरी दिल्लीच्या किल्ल्यात पोचला १७७२ मध्ये, तोही मराठी फौजेच्या जिवावर. सावंतवाडीत त्याचा हुकूम कुठून चालणार!

व्हिक्टोरिया १ जानेवारी १८७७ ला ‘कैसर-ए-हिंद’ म्हणून जाहीर झाली. हिंदुस्थानात तिने कधी पाऊल ठेवलं नाही. सहाव्या जॉर्जने ‘हिंदुस्थानचा सम्राट’ ही पदवी २२ जून १९४८ ला सोडली, तरी २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री आपला राजा तोच. त्या दिवशी तेही संपलं. तेव्हा ‘भारत ९९ वर्षांच्या लीजवर आहे’ असा मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: करार कुठल्या दप्तरात आहे, भाऊ?