रेंज गेली, तक्रार कोणी केली?

यंदाच्या पावसात आमच्या गावची मोबाइलची रेंज बुधवारी दुपारी गेली, ती रविवारी सकाळी परत आली. रायगडच्या किनाऱ्यावरचे आमचे गाव लहान. घरटी एक तरी माणूस मुंबईत किंवा आखातात. त्यामुळे रेंज गेली की आमच्याकडे आधी काळजी सुरू होते, गैरसोयीचा विचार नंतर येतो.

शेजारच्या खालांचा धाकटा मुलगा कतारला असतो. दर शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की त्याचा फोन येतो. त्या शुक्रवारी तो आला नाही. खाला दिवसभर मोबाइल हातात धरून ओटीवर बसून होत्या. तिकडे मुलाला 'संपर्क क्षेत्राबाहेर' एवढेच ऐकू येत होते. त्याने मुंब्र्याला मामांना फोन केला, मामांनी म्हसळ्याच्या एका दुकानदाराला. शनिवारी संध्याकाळी एक अनोळखी पोरगा मोटारसायकलवरून दारात आला. ''चाची, तुम्ही बऱ्या आहात ना? कतारहून विचारलंय.'' खालांनी त्याला आधी पाणी दिले, मग आत जाऊन रडून घेतले.

त्या चार दिवसांत रेशनच्या दुकानात अंगठा लागला नाही, म्हणून माणसे रिकाम्या पिशव्या घेऊन परतली. किराणावाल्याकडे उधारी वाढली, कारण हल्ली घरात रोकड कोण ठेवतो? कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरायला एका मुलीला भावाबरोबर तालुक्याला जावे लागले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकले, तेव्हाही आम्ही असेच जगापासून तुटलो होतो. विजेचे खांब आडवे झाले, टॉवर बंद पडले. परदेशातल्या माणसांना घराचे छप्पर राहिले की उडाले हेही कळत नव्हते. ते अस्मानी संकट होते, कोणाला दोष देणार? यंदा मात्र वादळ नव्हते. रस्त्याचे काम करणाऱ्या यंत्राने जमिनीखालची केबल तोडली, असे मागाहून कळले.

टॉवर चालायला दोन गोष्टी लागतात: वीज आणि मोठ्या केंद्राशी जोडणारी केबल. वीज गेली तर बॅटरी काही तास तग धरते, पुढे जनरेटरला डिझेल हवे. केबल तुटली तर दुसऱ्या वाटेने जोडणी हवी. शहरात अशा वाटा अनेक असतात, आडगावात बहुधा एकच. शिवाय एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रे असली, तर घरात वेगवेगळी सिमे असूनही सगळी एकदम मुकी होतात.

रेंज आल्यावर मगरिबनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर हाच विषय निघाला. आम्ही विचारले, ''तक्रार कोणी कोणी केली?'' एकाने रिचार्जच्या दुकानात सांगितले होते, दुसऱ्याने टॉवरच्या वॉचमनला. एक चाचा म्हणाले, ''सब्र करायचं, दुसरं काय?'' तक्रार क्रमांक मात्र एकाकडेही नव्हता. आमच्याकडेही नव्हता. म्हणजे कंपनीच्या दफ्तरी आमच्या गावातून त्या चार दिवसांची एकही तक्रार नव्हती.

नियम काय सांगतो, तेही पाहू. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. जिल्हाभर एखाद्या कंपनीची सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यावी लागते. नैसर्गिक आपत्ती यातून वगळली आहे. पण यातला शब्द 'जिल्हा' आहे. एका गावाचा टॉवर चार दिवस बंद राहिला, तरी तो या हिशेबात बसत नाही. म्हणूनच लहान गावाला तक्रारीची अधिक गरज आहे.

तक्रार करायची रीत सोपी आहे. पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र. आपल्याच सिमवरून १९८ लावता येतो. रेंजच नसेल तर दुसऱ्या फोनवरून कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर बोला. तक्रार नोंदली की डॉकेट क्रमांक मागून घ्या आणि तारीख, वेळेसह लिहून ठेवा. मुदतीत काम झाले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवून वाट पाहू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याहून पुढे जायचे असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे वकील सक्तीचा नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मोबाइल कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

त्या संध्याकाळी पहिली तक्रार खालांच्या नावाने गेली, नातवाने फोन लावून दिला. तीन दिवसांनी 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा संदेश आला. खाला म्हणाल्या, ''माझे चार दिवस कुठे निवारले?'' नातवाने अपील केले आहे. उत्तर यायचे आहे. तोवर गावातल्या आणखी अकरा घरांनी आपापली तक्रार नोंदवली. सगळ्यांचे क्रमांक जमातीच्या वहीच्या मागच्या पानावर ओळीने लिहिले आहेत. पुढच्या वेळी रेंज गेली, तर ते पान उघडून तिथूनच पुढे लिहायचे, असे ठरले आहे.

वाचकहो, तुमच्या मोहल्ल्यात असे पान आहे का?