दवाखान्याची वाट चालते, मग बहिणीची का नाही?

घरात मोठे आजारपण आले की सगळ्यात आधी बंद होते ते जाणे-येणे. नवऱ्याची किडनी गेली, काळीज मोठे झाले, कॅन्सर निघाला किंवा लकवा मारला, की खाट आणि दवाखाना एवढेच त्याचे जग उरते. भाच्याच्या लग्नाला तो नाही, १४ एप्रिलला गावी तो नाही. आजारी बायको असेल तर तिचे माहेर पहिल्याच दिवशी तुटते. "बरे झाल्यावर जाऊ," असे सगळे म्हणतात. पण काही आजार बरे होण्यातले नसतात. ते सांभाळायचे असतात. मग जायचे कधी?

या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हाला आहे की नाही, ते वाचकांनी ठरवावे. कारण आमच्या हातून एक चूक झाली आहे.

आम्ही तेव्हा नोकरीत होतो. कळमनुरी तालुक्यातल्या एका वस्तीतले पन्नाशीचे गृहस्थ. दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नांदेडला एस.टी.ने जायचे, बायको सोबत. त्यांची थोरली बहीण अकोल्याला दिलेली. आई लवकर गेली, म्हणून तिनेच याला कडेवर वाढवलेले. तिचे गुडघे गेलेले, तिला येता येत नव्हते. एके दिवशी बायकोने आम्हाला विचारले, "सिस्टर, यांना एकदा अक्काकडं नेऊन आणू का? लई धोशा लावलाय." आम्ही ना कागद पाहिले, ना बी.पी. मोजले. म्हणालो, "अशा अवस्थेत? काही झालं म्हणजे? आधी बरं वाटू द्या."

दोन महिन्यांनी ते गेले. अक्का जीपमध्ये आडवी पडून आली आणि भावाचे प्रेत पाहून परत गेली. त्या वहिनीने आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही. पण घरी येताना आमच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. आठवड्यातून दोनदा नांदेडला जाणारा माणूस जन्मात एकदा अकोल्याला का जाऊ शकत नव्हता? हिंगोलीहून वाशिममार्गे अकोल्याला थेट रेल्वे आहे. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघून मुक्काम करता आला असता आणि पुढच्या पाळीआधी परत येता आले असते. त्यात अवघड काही नव्हते. विचारायचे होते ते आम्ही विचारले नाही, आणि "नको" म्हणणे सोपे होते म्हणून "नको" म्हटले.

"नको" म्हणण्यामागे आणखी एक भीती असते. वाटेत काही झाले तर दोष कुणाच्या माथी? नेणारीच्या. "हिनेच नेला, हिनेच मारला." हे आमच्याच वस्त्यांमध्ये आम्ही कानांनी ऐकले आहे. आणि आपल्या समाजाने हे फार मोठ्या बाईच्या बाबतीतही केले आहे, हे आज स्पष्ट बोलले पाहिजे.

बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या नसा दुखून रात्र रात्र झोप नव्हती. १९४८ च्या १५ एप्रिलला त्यांचे डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न झाले, त्या आपल्या माईसाहेब. त्या स्वतः डॉक्टर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, १६ तारखेला चंद्रपूरला. पुढच्याच महिन्यात, शरीर थकलेले असताना, बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. माईसाहेब सोबत होत्या. तिथे २० नोव्हेंबरला त्यांचे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण झाले. परत येताना काशी, कुशीनगर करून ते ३० नोव्हेंबरला दिल्लीला पोचले. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले.

हा प्रवास रक्ताच्या नातेवाइकांकडचा नव्हता. पण जगभरच्या बौद्धांना एकदा भेटावे, ही त्यांची ओढ होती. "तब्येत बरी नाही, खाटेवर पडून राहा," असे कुणी म्हटले असते तर ते भाषण झाले नसते. आणि आपण माईसाहेबांना काय दिले? संशय. सरकारी चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक असल्याचा निर्वाळा मिळाला, तरी लोकांच्या तोंडचे बोलणे थांबले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपले आयुष्य लांबवल्याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले होते. १९५७ ला ग्रंथ निघाला, त्यात ती प्रस्तावना नव्हती. माईसाहेब २००३ पर्यंत जगल्या. इतकी वर्षे त्यांनी ते बोलणे सोसले. बरीच वर्षे अनियंत्रित राहिलेला मधुमेह शरीराचे काय करतो, हे आम्ही वॉर्डात रोज पाहिले आहे. त्याला मारेकरी शोधावा लागत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. गंभीर आजारी माणसाला आपल्या माणसांना भेटण्याचा हक्क आहे. तो हक्क सांभाळायची जबाबदारी एकट्या बायकोची किंवा नवऱ्याची नाही, सगळ्या नातेवाइकांची आहे. न्यायचे की नाही हे भीतीने ठरवू नका, तपासून ठरवा.

कधी न्यायचे नाही, ते आधी सांगतो. बसल्या जागी दम लागतो, छातीत दुखते, तापाने फणफणला आहे, फिट आली, रक्त पडते आहे, बोलणे भ्रमिष्टासारखे झाले आहे, एकच पाय अचानक सुजून दुखतो आहे, तर आधी दवाखाना. टी.बी.चे औषध नुकतेच सुरू झाले असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत गर्दीच्या गाडीत बसवू नका. हे नसेल तर डॉक्टरांना "नेऊ का?" एवढेच विचारू नका. "कोणत्या दिवशी नेऊ, किती दिवसांसाठी नेऊ, आणि काय झालं तर परत फिरू?" असे विचारा. नेमके विचारले की उत्तरही नेमके मिळते.

डायलिसिसवाल्याने पाळी चुकवू नये. लांब जायचे तर तिथल्या केंद्रात आधी बोलून जागा ठरवा. ते एच.आय.व्ही. आणि काविळीचे ताजे रिपोर्ट मागतात. टी.बी.च्या पेशंटने निक्षय नंबर जवळ ठेवावा, दुसऱ्या गावच्या सरकारी दवाखान्यातही औषध चालू ठेवता येते. इन्सुलिन बर्फात घालू नका आणि उन्हातही ठेवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीला ठेवा. सुई टोचली आणि गाडी वाटेत दोन तास अडकली तर साखर उतरते, म्हणून खाणे आणि साखरेची पुडी हाताशी हवी. गोळ्या चार दिवसांच्या जास्त घ्या आणि दोन पिशव्यांत वाटून ठेवा. डिस्चार्ज कार्ड, शेवटची चिठ्ठी, आधार आणि जनआरोग्य योजनेचे कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी कुठे आहे ते सोबतच्या दुसऱ्या माणसालाही सांगा. एस.टी.त मागच्या सीटवर दणके बसतात, मधली धरा. रेल्वेत खालची बर्थ मागा. मराठवाड्यातला मे महिना टाळता आला तर टाळाच. वाटेत बिघडले तर १०८.

आता ज्यांच्या घरी पाहुणे येणार, त्यांच्यासाठी. किडनीच्या पेशंटला प्रेमाने नारळपाणी आणि केळी देऊ नका. त्यातल्या पोटॅशियमने काळीज बंद पडू शकते. पाणीही मोजूनच. "एवढंसं लोणचं खा" हा आग्रह सोडा. खाट खाली घाला, संडासाची सोय जवळ करा, गल्लीतली सगळी माणसे एकाच वेळी खोलीत आणू नका. "किती खंगलास रे" असे तोंडावर म्हणू नका. आणि सोबत आलेल्या वहिनीला चुलीपुढे बसवू नका. ती कित्येक महिने धड झोपलेली नाही. एक रात्र भावाजवळ तुम्ही जागा आणि तिला झोपू द्या. आमच्या मते तिच्यासाठी यापेक्षा मोठा पाहुणचार नाही.

आजारी बायको असेल तेव्हा एक गोष्ट ठणकावून सांगतो. तिला माहेरी भेटायला नेणे वेगळे आणि माहेरी नेऊन टाकणे वेगळे. तिच्या औषधाचे पैसे आणि परतीची तारीख ठरवल्याशिवाय तिला एस.टी.त बसवणारा नवरा तिला भेटीला नेत नसतो, ओझे उतरवत असतो. हे आपल्यातही घडते. विहारात पंचशील म्हणणाऱ्यांनी याची लाज बाळगावी.

शेवटी सरकारला. कॅन्सर, किडनी, हृदयविकाराच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत सवलत आहे, पण ती उपचारासाठी जाण्यापुरती. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बाईला निम्मे तिकीट आहे, म्हणजे सोबत जाणारीचे भाडे अर्धे होते. पण पन्नाशीचा आजारी नवरा डायलिसिस सोडून बहिणीकडे निघाला तर त्याला पूर्ण तिकीट. वर्षातून दोनदा तरी अशा पेशंटला आपल्या माणसांकडे जायला सवलत मिळावी, ही मागणी आपल्या मंडळांनी निवेदनात घालावी. माणूस नुसता इंजेक्शनावर जगत नाही.

ते होईल तेव्हा होईल. या रविवारी विहारात जमाल तेव्हा एक करा. वस्तीत कोण खाटेवर आहे आणि त्याला कुणाला भेटायचे आहे, एवढे विचारा. एकाने गाडीचे बघावे, एकाने सोबत जावे, एकाने मागे राहिलेली लेकरे सांभाळावीत. अक्का आडवी होऊन येण्याआधी भाऊ बसून जाऊ द्या.

जयभीम!