गादीचा घसारा

गेल्या पावसाळ्यात माझ्या हेडफोनच्या गाद्या सोलवटू लागल्या. गालाला काळ्या टिकल्या चिकटत. मित्रांचा सल्ला एकच : नवा घे! आम्ही वाणिज्यवाले घसारा काढण्यात हुशार. मी मात्र खडेबाजारातून जाड, कापडी गाद्यांची जोडी आणून बसवली. कान सुखावले. पण कुमार गंधर्व लावले आणि तंबोऱ्याचा खर्जच सापडेना. (कुमारजी १९२४ साली जन्मले ते आपल्या सुळेभावीत, तंबोरे जुळवण्यात त्यांचा हात कोण धरणार!)

गादी म्हणजे नुसती उशी नव्हे, ती कानाभोवतीची भिंत आहे. कापडातून हवा निसटते, तिच्याबरोबर खालचे स्वरही. गादी जाड असली तर आतला पडदा कानापासून दूर जातो आणि आवाजाचा तोल बदलतो. हाताने दाबून धरा, खर्ज परत येतो. चष्मेवाल्यांच्या तर काडीपाशीच फट राहते.

अखेर मूळच्या मापाची, कृत्रिम चामड्याची जोडी घेतली. घाम येतो, आणि आपल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत तीही सोलवटेल; पण खर्ज आहे. माझे म्हणणे इतकेच की, दुकानदाराने माप, जाडी आणि कापड सांगून गादी विकावी. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "एल्ला ओंदे री!"