चोवीस कोठ्यांची कैफियत

मोहन नगरातल्या एखाद्या वळणावर, वैशाखाचे ऊन माथ्यावर आले असता, ई-रिक्षाचा चालक आसन उचलून खालच्या चार बॅटऱ्यांकडे हताशपणे पाहत उभा असतो; रात्रभर चार्ज केलेली गाडी दुपारीच का दमली, ही त्याची तक्रार, आणि ‘सगळा संच बदला’ हा दुकानदाराचा ठरलेला निवाडा. तो निवाडा मला मान्य नाही.

शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली सिद्ध केली. रसायनशास्त्राच्या हिशेबाने तिच्यातील क्रियाशील द्रव्याच्या एका किलोतून सुमारे 170 वॉट-तास निघावयास हवेत. प्रत्यक्षात सबंध बॅटरीच्या किलोमागे पदरी पडतात 30 ते 40. उरलेले काही जाळी, पाणी आणि पेटी यांच्या वजनात जाते; आणि काही, हे अधिक शोचनीय, प्लेटच्या पोटातील त्या द्रव्यात, जिथवर आम्ल वेळेत पोहोचतच नाही. म्हणूनच वीस तासांच्या हिशेबाने 100 अँपिअर-तास लिहिलेली बॅटरी चार-पाच तासांत उपसली तर तेवढे देत नाही, हे चालकास कोणी सांगत नाही.

ऋण प्लेटच्या लगद्यात थोडा कार्बन मिसळला असता सल्फेटचे स्फटिक बारीक राहतात व बॅटरी चार्ज लवकर घेते. पण ती कारखान्याची बाब. चालकाच्या हातची बाब साधी आहे: अर्धवट चार्ज झालेली बॅटरी तशीच पडून राहिली की सल्फेट घट्ट होऊन बसते. 48 व्होल्टच्या संचात चोवीस कोठ्या असतात. पूर्ण चार्जनंतर एकेकीचे बूच काढून हायड्रोमीटरने आम्ल ओढून त्याचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. बहुतेकींत तरंगक 1.28 च्या आसपास राहतो, एखादीत तोच 1.15 च्या रेघेपर्यंत बुडतो. ती एक कोठी उरलेल्या तेवीसजणींना अडवून धरते. अशा वेळी काही मिस्त्री वरून आम्ल ओततात, आकडा वर येतो, आणि रोगी बरा झाला असे समजून पैसे घेतात! वास्तविक चार्ज होताना उडते ते पाणी. भरावयाचे तेही डिस्टिल्ड पाणीच.

जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर घातलीच आहे. त्यांत एक कलम वाढवावे: संच मोडीत घेण्यापूर्वी चोवीसही कोठ्यांची मोजणी कागदावर लिहून, सहीशिक्क्यानिशी, ग्राहकाच्या हाती द्यावी.