ओळख मागणाऱ्याचीही ओळख हवी

कोकणातल्या लांज्यात उत्पन्नाचा दाखला काढायचा असो, बँकेत खाते उघडायचे असो की नवे सिमकार्ड घ्यायचे असो, खिडकीवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आधारची झेरॉक्स आणलीत?’ ती झेरॉक्स कुठल्या फायलीत जाते, किती दिवस राहते, काम उरकल्यावर तिचे काय होते, हे देणारा विचारत नाही आणि घेणारा सांगत नाही. आता या कागदाची जागा मोबाइलमधले डिजिटल पाकीट घेऊ पाहते आहे. डिजिलॉकर २०१५ पासून आहेच. आधार प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आणलेल्या नव्या ॲपमध्ये तर हवी तेवढीच माहिती दाखवून बाकीची झाकण्याची सोय आहे. सोय स्वागतार्हच, पण काय दाखवायचे हे माणसाच्या हाती देऊन भागत नाही. काय मागायचे, यालाही मर्यादा लागते. ती कशी घालावी, हे युरोपातल्या एकमेकांशेजारच्या देशांकडे पाहिले की कळते.

युरोपीय संघाचा डिजिटल ओळखीचा सुधारित कायदा २० मे २०२४ रोजी अमलात आला. संघातल्या २७ देशांपैकी प्रत्येकाने २०२६ अखेरपर्यंत नागरिकांना किमान एक पाकीट मोफत उपलब्ध करून द्यावे, असे त्यात ठरले. कायदा एक, पण प्रत्येकाची चाल वेगळी. बेल्जियमने त्याच महिन्यात आपले सरकारी ॲप लोकांच्या हाती दिले. बँका आणि मोबाइल कंपन्यांनी मिळून काढलेले ‘इट्समी’ तिथे आधीपासून रुळलेले होते. शेजारच्या नेदरलँड्समध्ये ‘डिजिडी’ ही सरकारी ओळख २००३ पासूनची. नवे पाकीट मात्र त्यांनी कुणालाही तपासता यावे म्हणून उघड्या संगणक-संहितेवर, सावकाश घडवायला घेतले. जर्मनीने २०१० मध्येच ओळखपत्रात ऑनलाइन वापराची चिप बसवली, पण बहुसंख्य लोकांनी ती वर्षानुवर्षे वापरलीच नाही. पाकिटासाठी त्या देशाने जानेवारी २०२७ चा मुहूर्त जाहीर केला. इटलीने नवे ॲप काढण्याच्या फंदात न पडता, लोक वापरत होते त्याच सरकारी ॲपमध्ये २०२४ च्या अखेरीस वाहन परवाना, आरोग्यपत्र आणि दिव्यांगपत्र आणून ठेवले.

संघाबाहेरच्या स्वित्झर्लंडची गोष्ट याहून बोलकी आहे. खासगी कंपन्यांनी डिजिटल ओळख द्यावी, असा कायदा तिथल्या जनतेपुढे मार्च २०२१ मध्ये मतदानाला आला आणि ६४ टक्क्यांहून अधिक लोकांनी तो फेटाळला. सरकारने नवा मसुदा केला: ओळख सरकारच देईल, ती ऐच्छिक असेल आणि माहिती नागरिकाच्या फोनमध्येच राहील. सप्टेंबर २०२५ मध्ये हा मसुदा जेमतेम ५०.४ टक्के मतांनी तरला. तंत्रज्ञानाला स्विस माणूस घाबरत नाही. आपल्या ओळखीची किल्ली कुणाकडे, एवढेच त्याने दोन्ही वेळा विचारले.

युरोपच्या कायद्यातल्या दोन तरतुदी आपल्याकडे मोठ्याने वाचल्या जायला हव्यात. पाकिटातली माहिती मागणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती बँक असो की सरकारी खाते, आधी नोंदणी करायची, काय आणि कशासाठी मागणार हे जाहीर करायचे आणि त्यापलीकडे काही मागायचे नाही, ही पहिली. पाकीट न वापरणाऱ्याची सेवा, नोकरी वा धंदा अडवायचा नाही, त्याला दुय्यम वागणूकही द्यायची नाही, ही दुसरी. म्हणजे ओळख दाखवणाऱ्याइतकाच ती मागणारादेखील कायद्याच्या कक्षेत आला.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. कायदा आला २०१६ मध्ये. बँक खाते, सिमकार्ड आणि शाळाप्रवेश यांसाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. पुढच्याच वर्षी ‘ऐच्छिक’ म्हणून बँका आणि मोबाइल कंपन्यांना वाट मोकळी झाली, आणि जानेवारी २०२५ च्या नियमांनी इतर खासगी संस्थांनाही दार किलकिले झाले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत मिळाली. आधारची झेरॉक्स सरसकट देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्या, असे आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये सांगितले होते. सल्ला रास्त होता. गैरसमज होईल म्हणून तो दोन दिवसांत मागे घेण्यात आला!

या ढिलाईची किंमत तालुक्याच्या गावात मोजावी लागते. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीसाठी २०२५ मध्ये महिलेसोबत तिच्या नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागत होता. लांज्याच्या वाड्यावाड्यांतले कमावते पुरुष मुंबईला. बाई सेतू केंद्रात बसलेली, ओटीपी आलेला परळच्या नाहीतर नालासोपाऱ्याच्या फोनवर, आणि तो माणूस ड्युटीवर. फोन लागेपर्यंत ओटीपीची वेळ टळलेली. ज्यांचे वडील आणि पती दोघेही हयात नाहीत, त्यांनी काय करायचे, याचे उत्तर तर मागाहून शोधावे लागले. काजूबीच्या टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी सोललेल्या कामगार बाईचा अंगठा रेशन दुकानातले यंत्र ओळखत नाही. दोष तिच्या बोटांचा नाही. दुसरा मार्ग तोंडी उपलब्ध आणि प्रत्यक्षात बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

युरोपची लोकसंख्या ती किती, आधारमुळे अनुदान थेट खात्यात येऊ लागले ते विसरू नका, असे यावर म्हटले जाईल. ते खरेच आहे. पीएम-किसानचे दोन हजार रुपये मधल्या कुणाच्या हाताला न लागता शेतकऱ्याच्या खात्यात पडतात, हे यश लहान नाही. पण मागणाऱ्याला जाब विचारण्यासाठी अब्जावधींची यंत्रणा लागत नाही; एक नियम लागतो आणि तो पाळून घेणारा अधिकारी लागतो. उलट, लोकसंख्या जितकी मोठी तितकी एका चुकीच्या नियमाने अडणारी माणसे जास्त.

राज्य सरकारला सुरुवात आजही करता येईल. प्रत्येक दाखल्यासाठी आधारमधली नेमकी कोणती माहिती लागते, याची यादी खिडकीवर लावावी. यादीबाहेरचे मागणे हा गैरप्रकार ठरवावा. चार अंकांची प्रत नाकारता येणार नाही, असा लेखी आदेश काढावा. ओटीपी आला नाही किंवा अंगठा जुळला नाही, तर त्याच दिवशी, त्याच जागी दुसऱ्या पुराव्यावर काम व्हावे; होत नसेल तर कारण लिहून द्यावे. लोकसेवा हक्काचा कायदा महाराष्ट्रात २०१५ पासून आहे. अर्ज फेटाळताना कारण देण्याचे बंधन त्यात आहेच. ते या अडवणुकीलाही लावावे. मोबाइलमधली पाकिटे येतील, त्यांना कुणी अडवू नये. मात्र खिडकीच्या आतल्या माणसावर बंधन न घालता ती आली, तर झेरॉक्सचा खर्च तेवढा वाचेल आणि अडवणूक होती तशीच राहील.